फळी नेमकी कधी पलटी होते? मागच्या घोडीकडे बघा

रंगारी दोन घोड्या (फळी ठेवायचे पायांचे स्टँड) लावतात, त्यावर फळी टाकतात आणि छताला पुट्टी मारायला वर चढतात. कोपऱ्यात घोडी पोचत नाही, तिथे कपाट असतं नाहीतर जिन्याची कड असते, मग फळीचं एक टोक घोडीच्या पुढे मीटरभर बाहेर काढून ठेवतात आणि तो माणूस एकेक पाऊल त्या टोकाकडे सरकत जातो. खाली उभे असलेले सगळे त्याच्या पायाकडे बघत असतात. खरं तर बघायचं असतं उलट्या बाजूला, मागच्या घोडीकडे. फळी पलटी होणार की नाही याचं उत्तर पुढच्या टोकाला नसतंच, मागच्या टेकूवर किती भार उरलाय त्यात असतं, आणि तो भार शून्य झाला की खेळ संपला. हा लेख एवढ्या एकाच गोष्टीवर आहे, फक्त ती नीट आकड्यांत बघू.

आधी टॉर्क म्हणजे काय ते पटकन उरकून टाकू. दरवाजा बिजागरीजवळ ढकलला तर जोर लागतो, कडीजवळ ढकलला तर बोटाने सरकतो, म्हणजे फिरवण्याची ताकद नुसत्या जोरावर ठरत नाही, तो जोर फिरण्याच्या बिंदूपासून किती लांब लावला त्यावरही ठरते. जोर गुणिले अंतर, झाला टॉर्क. याला पुस्तकी मराठी नाव आहे पण साइटवर ते कोणी घेत नाही, आपणही टॉर्कच म्हणू. नियम इतका जुना आहे की आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच तो मांडून ठेवलाय: वजनं आणि टेकूपासूनची त्यांची अंतरं यांचा गुणाकार दोन्ही बाजूंना सारखा झाला की दांडी तोलात राहते.

आता आपली फळी. लांबी ४ मीटर, लाकडी, जाडजूड, वजन २४ किलो. डावं टोक अर्धा मीटर सोडून मागची घोडी. तिथून अडीच मीटरवर पुढची घोडी. आणि पुढच्या घोडीच्या पलीकडे १ मीटर फळी हवेत. रंगाऱ्याचं वजन ६० किलो धरू.

फळी सगळीकडे सारख्या जाडीची आहे म्हणून तिचं सगळं वजन बरोबर मध्यावर एकवटलंय असं मानता येतं, म्हणजे टोकापासून २ मीटरवर. पुढची घोडी ३ मीटरवर आहे. म्हणजे फळीचं वजन पुढच्या घोडीच्या १ मीटर मागे लागतंय, आणि हेच वजन फळीला मागच्या घोडीवर दाबून धरतंय. रंगारी पुढच्या घोडीच्या पलीकडे गेला की तो उलट्या दिशेने फिरवायला लागतो.

इथे एक युक्ती आहे आणि अर्धी पोरं परीक्षेत इथेच अडकतात. टॉर्क कुठल्या बिंदूभोवती मोजायचा? फळी स्थिर आहे तोपर्यंत कुठल्याही बिंदूभोवती मोजा, उत्तर तेच येणार, पण पुढच्या घोडीभोवती मोजलं तर पुढच्या घोडीचा स्वतःचा जोर हिशोबातून आपोआप उडतो, कारण त्याचं अंतर शून्य. दोन अनोळखी गोष्टींपैकी एक गायब. मग उरतं एवढंच: फळी मागे फिरवते २४ किलो × १ मीटर, म्हणजे २४. माणूस पुढे फिरवतो ६० × त्याचं अंतर. दोन्हींत जो फरक पडतो तो मागची घोडी भरून काढते, अडीच मीटरवरून. (न्यूटनमध्ये करायचं असेल तर सगळ्याला ९.८ ने गुणा, दोन्ही बाजूंना गुणलं की ते उडतंच, म्हणून मी किलोतच बोलतोय, फिजिक्सच्या सरांनी रागावू नये.)

रंगारी बरोबर पुढच्या घोडीच्या डोक्यावर उभा आहे तेव्हा त्याचा टॉर्क शून्य. मागच्या घोडीवर भार २४ भागिले २.५, म्हणजे ९.६ किलो. लक्षात घ्या, तो अजून बाहेर गेलेलाच नाही आणि मागे फक्त साडेनऊ किलो उरलेत. फळी आणि माणूस मिळून ८४ किलो, त्यातले जवळजवळ पंचाहत्तर पुढच्या घोडीने घेतलेत. तो २० सेंटीमीटर पुढे सरकला की मागे उरतात ४.८ किलो. ४० सेंटीमीटरवर गेला की ६० × ०.४ म्हणजे २४, मागे शून्य. म्हणजे मीटरभर फळी बाहेर आहे, पण त्यातली वापरता येते फक्त ४० सेंटीमीटर, दीड पावलाएवढी. उरलेली ६० सेंटीमीटर फळी दिसायला फळी आहे, उभं राहायला नाही.

ही शून्याची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण घोडी फळीला फक्त वर ढकलू शकते. खाली ओढून धरू शकत नाही. गणितात पुढे जाऊन ५० सेंटीमीटर घातले तर मागच्या घोडीवरचा भार उणे २.४ किलो येतो, कागदावर येतो बिनधास्त, पण त्याचा अर्थ असा की आता कोणीतरी फळी मागून खाली ओढायला हवी होती, आणि ओढणारं कोणी नाही. उणे आकडा आला म्हणजे फळी उचलली गेली, बस.

आता यातून ज्या गोष्टी निघतात त्यातली एक बऱ्याच जणांना पटत नाही. फळी डगमगते असं वाटलं की लोक मागची घोडी अजून मागे सरकवतात, की बाबा पाया रुंद झाला. काही उपयोग नाही. पलटी होण्याच्या क्षणी मागच्या घोडीचा जोर शून्य असतो, आणि शून्याला अडीच मीटरने गुणा नाहीतर तीनने, शून्यच. ४० सेंटीमीटरची हद्द एक सेंटीमीटरनेही हलत नाही. उलट मागची घोडी जेवढी लांब तेवढा तिच्यावरचा भार कमी.

पुढची घोडी बाहेर सरकवली तर मात्र मजा आहे. ती १० सेंटीमीटर बाहेर नेली की दोन गोष्टी एकदम होतात: टेकूच १० सेंटीमीटर पुढे गेला, शिवाय फळीचं वजन टेकूपासून १० सेंटीमीटर लांब गेलं म्हणून त्याचा टॉर्क वाढला, त्यातून आणखी ४ सेंटीमीटर मिळाले. एकूण १४. याच हिशोबाने काढलं तर ६० किलोच्या माणसाला पार टोकापर्यंत जायचं असेल तर फळी घोडीच्या पलीकडे ५७ सेंटीमीटरपेक्षा जास्त बाहेर नको. ९० किलोच्या माणसासाठी हीच हद्द ४२ वर येते.

आणि हलकी फळी? सगळ्यांना वाटतं हलकी बरी. तीच लांबी, तीच मांडणी, पण १२ किलोची ॲल्युमिनियमची फळी घेतली तर बाहेर जाता येतं फक्त २० सेंटीमीटर. उचलायला सोपी फळी पलटी व्हायलाही सोपी, कारण तोल सांभाळणारं जे काही आहे ते फळीचं स्वतःचं वजनच आहे.

प्रत्यक्षात ४० सेंटीमीटरही मिळत नाहीत, हे सांगायलाच हवं. एक तर अंतर पायापासून मोजायचं नसतं, शरीराचा तोल जिथे पडतो तिथून मोजायचं असतं, आणि कोपऱ्यात पुट्टी मारायचा पत्रा पोचवायला माणूस पुढे वाकला की टाचा हलक्या होतात, सगळं वजन चवड्यावर जातं, पाय न हलवता १० सेंटीमीटर पुढे गेला. दुसरं म्हणजे छताला पुट्टी दाबून मारताना तो छताला वर ढकलत असतो आणि छत त्याला तेवढ्याच जोराने खाली. १० किलोच्या जोराने दाबलं तर फळीच्या दृष्टीने माणूस ७० किलोचा झाला, हद्द आली ३४ सेंटीमीटरवर. तिसरं, चालताना पाऊल टेकतं तेव्हा क्षणभर वजनापेक्षा दहा-वीस टक्के जास्त दाब पडतो, आणि टाकलेलं पाऊल जोरात असेल तर त्याहून जास्त. आणि रंगाचा डबा! १० किलोचा डबा पार टोकाला ठेवला तर तो एकटाच १० चा टॉर्क खातो, माणसासाठी उरतात १४, म्हणजे २३ सेंटीमीटर. भरलेली २० लिटरची इमल्शनची बादली २५ किलोच्या वरच जाते, ती टोकाला ठेवली तर माणूस चढायची गरजच नाही, फळी बादलीनेच उलटते.

एकदा मागचं टोक उचललं गेलं की सावरायला वेळ मिळत नाही, कारण फळी तिरकी झाली की दोन्ही बाजूंची आडवी अंतरं सारख्याच प्रमाणात कमी होतात, म्हणजे बिघडलेला तोल आपणहून परत येत नाही, आणि पाय मात्र उताराने बाहेरच घसरतात. घाबरून मागे उडी मारायला जो रेटा पायाने द्यावा लागतो तोही फळीला खालीच दाबतो.

उपाय सगळ्यांना माहीत असतो, मागे वजन ठेवा. पण कुठे ठेवताय ते बघा. सिमेंटची ५० किलोची गोणी पुढच्या घोडीच्या जेमतेम ३० सेंटीमीटर मागे ठेवली तर ती १५ चा टॉर्क देते, हद्द जाते ६५ सेंटीमीटरवर. तीच गोणी मागच्या घोडीवर ठेवली तर १२५ देते, आणि मग हद्द अडीच मीटरच्या आसपास जाते, म्हणजे मीटरभर फळीच्या टोकावर उभं राहूनही पलटी होणार नाही (फळी मोडेल का हा प्रश्न वेगळा, तो टॉर्कचाच भाऊ आहे पण आज नको). गोणीतला धोका फिजिक्सचा नाही, माणसांचा आहे. काम चालू असताना खालचा कोणीतरी येतो, त्याला सिमेंट हवं असतं, आणि तो ती गोणी उचलून घेऊन जातो. त्यापेक्षा फळी मागच्या घोडीला दोरीने बांधा, घोडी जड असेल तर. आता टेकू खाली ओढूही शकतो, उणे आकड्याला धरणारं कोणीतरी आलं.

हाच हिशोब पूर्ण जिवंत बघायचा असेल तर बैलगाडी बघा, ऊस वाहणारी दोन चाकांची. गाडी म्हणजे दोन टेकूंवरची दांडीच: एक टेकू चाकांचा आस, दुसरा टेकू बैलांची मान. समजा गाडी आणि ऊस मिळून १५०० किलो आणि त्या सगळ्याचा गुरुत्वमध्य आसाच्या १० सेंटीमीटर पुढे आहे, आसापासून जू ३ मीटरवर. जुवावर भार किती? १५०० × ०.१ भागिले ३, म्हणजे ५० किलो, दोन बैलांत वाटून. उसाच्या मोळ्या थोड्या पुढे रचल्या गेल्या आणि गुरुत्वमध्य २० सेंटीमीटर पुढे आला की मानेवर १०० किलो. आणि ५ सेंटीमीटर मागे गेला तर जू २५ किलोच्या जोराने वर उचललं जातं, गाडी उलाळ होते, आणि मग ते जू खाली धरून ठेवायचं काम बैलांच्या गळ्याखालच्या सापत्या, म्हणजे पट्टे, करतात, म्हणजे गळाच आवळला जातो. दीड टन माल तोच, वीतभर इकडेतिकडे रचला की बैलाचं आयुष्य बदलतं. म्हणून मोळ्या रचणारा माणूस अनुभवी लागतो.

रस्ता सपाट असेल तोपर्यंत हे ठीक. ऊस उंच रचलेला असतो, गुरुत्वमध्य आसाच्या समजा १ मीटर वर. चढ लागला, दहाला एक असा, की गाडी मागे कलते आणि तो वरचा बिंदू आसाच्या मानाने साधारण १० सेंटीमीटर मागे सरकतो. म्हणजे सपाटीवर जो १० सेंटीमीटर पुढे होता तो आता बरोबर आसावर आला, जुवावरचा भार शून्य. जरा जास्त चढ आला की उलाळ. तोच उतार लागला की उलटं, २० सेंटीमीटर पुढे आणि मानेवर १०० किलो, वर मागून रेटा वेगळाच. चढाला गाडीवान पुढे दांडीवर का येऊन बसतो याचं कारण हे आहे: ६० किलोचा माणूस आसाच्या अडीच मीटर पुढे बसला तर एकटा १५० चा टॉर्क देतो, म्हणजे सपाटीवर तो सगळा ऊस मिळून जेवढा देत होता तेवढाच. कुणी त्याला फॉर्म्युला शिकवलेला नसतो.

२०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी जुवाला जमिनीवर फिरणारं एक आधाराचं चाक बसवलं होतं, त्याचे फोटो खूप फिरले. कल्पना आपल्या हिशोबात सरळ बसते: मानेवर येणारे ते ५० किंवा १०० किलो चाकाने घ्यायचे आणि बैलांनी फक्त ओढायचं. मला ती आवडली. फक्त एक बारीक गोष्ट, जमिनीवर टेकलेलं चाक घोडीसारखंच असतं, वर ढकलतं, खाली ओढत नाही. म्हणून पुढचा भार कमी करायला ते छान, उलाळ मात्र नुसत्या चाकाने थांबत नाही, त्यासाठी मोळ्या नीट रचणं आलंच.

आता घराकडे येऊ, खिडकीवरचा छज्जा. हीच फळी, फक्त मागची घोडी नाही, त्याऐवजी भिंतीचं वजन. छज्जा ६० सेंटीमीटर बाहेर, १० सेंटीमीटर जाड धरला तर काँक्रीट घनमीटरला २५०० किलो या हिशोबाने एका मीटर लांबीचं वजन १५० किलो. ते मध्यावर, म्हणजे भिंतीपासून ३० सेंटीमीटरवर लागतं, टॉर्क ४५. ग्रील बसवायला ७५ किलोचा माणूस अर्धा मीटर बाहेर उभा राहिला की आणखी ३७.५. एकूण ८२.५ पुढे फिरवणारे. छज्जा फिरणार भिंतीच्या बाहेरच्या कडेभोवती. ९ इंची म्हणजे २३ सेंटीमीटर भिंत असेल तर तिचं वजन त्या कडेपासून साडेअकरा सेंटीमीटरवरच लागतं, इथेच गोची आहे, वजन भरपूर पण अंतर अगदी थोडं. लिंटेलच्या (खिडकीवरच्या आडव्या तुळईच्या) वर ९० सेंटीमीटर विटकाम झालं असेल तर ते मीटरला ३९० किलोच्या आसपास, टॉर्क ४५, लिंटेलचे स्वतःचे १० धरा. ५५ झाले. रिकामा छज्जा ४५ चा आहे म्हणून तो कसाबसा उभा राहतो, माणूस गेला की ८२.५ विरुद्ध ५५. (लिंटेलची टोकं बाजूच्या भिंतीत गेलेली असतात, त्याची मदत असते, ती मी धरलेली नाही, सोपं करून सांगतोय.)

म्हणून वरची भिंत आणि स्लॅब झाल्याशिवाय छज्जाखालचे टेकू काढू नका असं इंजिनियर ओरडत असतो आणि मिस्त्रीला सेंट्रिंगचं सामान पुढच्या खिडकीला हवं असतं. नुसतं ‘पडत नाही ना’ एवढ्यावर कोड थांबतही नाही. आयएस ४५६ या २००० सालच्या भारतीय मानकात पलटी होण्याबद्दल स्पष्ट नियम आहे: उलटवणारा टॉर्क बांधकामाच्या स्वतःच्या वजनामुळे असेल तर तो १.२ पट धरा, माणसं-सामान यांच्यामुळे असेल तर १.४ पट, आणि सावरून धरणारं बांधकामाचं स्वतःचं वजन मात्र ०.९ पटच धरा. पाडणारं फुगवून, धरणारं कापून. आपल्या छज्जाला लावून बघा: पाडणारं ५४ अधिक ५२.५ म्हणजे १०६.५, धरणारं ५५ च्या जागी साडेएकोणपन्नास. निम्मंही नाही. रिकामा छज्जासुद्धा, ५४ विरुद्ध साडेएकोणपन्नास, नापास.

स्लॅब ओतून झाला की त्याचं वजन त्या भिंतीवर येतं आणि हिशोब सुटतो, वर्षानुवर्षं छज्जा शांत असतो, लोक त्यावर कुंड्या ठेवतात, एसीचं बाहेरचं युनिट ठेवतात. मग पंधरा वर्षांनी कोणीतरी फ्लॅट रिनोव्हेट करायला घेतो आणि खिडकी मोठी करायची म्हणून नाहीतर वर व्हेंटिलेटर काढायचा म्हणून लिंटेलवरच्या विटा फोडायला लावतो. आतल्या बाजूने बघितलं तर नुसती भिंत फुटतेय, छज्जाला कोणी हातही लावलेला नाही. अशा वेळी विटा काढायच्या आधी बाहेरून छज्जाखाली प्रॉप (टेकू) लावून घ्या, खाली माणसं उभी राहणार नाहीत असं बघा आणि एसीचं युनिट आधी उतरवा, आणि त्या विटा काढल्यावर छज्जाला मागून धरणार काय, हे स्ट्रक्चरल इंजिनियरकडून आकड्यात लिहून घ्या.